स्वयंपाक केला म्हणून मारणारा नवरा आणि आपले कौतुक

१/
दर वर्षी ३१ मार्च जवळ आला की समाजमाध्यमांवर एक वाक्य नव्या सजावटीने फिरू लागते. इतर नवरे बायकोला स्वयंपाक केला नाही म्हणून मारत, गोपाळराव जोशी मात्र स्वयंपाक केला म्हणून मारत! खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. ‘याला म्हणतात ध्यास’, ‘असा नवरा मिळायला भाग्य लागते’ असे अभिप्राय येतात. हे लिहिणारी मंडळी अडाणी नसतात. सनावळ्या तोंडपाठ असणारी, गडकिल्ले पालथे घालणारी, इतिहासावर मनापासून प्रेम करणारी तरुण मंडळी असतात. आजचा धागा त्या हसण्याविरुद्ध आहे. लांब आहे; सवडीने वाचा.

२/
आधी ठाऊक असलेल्या गोष्टींची उजळणी. यमुना नावाची मुलगी १८६५ साली जन्मली. नवव्या वर्षी तिचे लग्न झाले. नवरा टपाल खात्यात कारकून, विधुर, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठा. लग्नानंतर ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षाच्या आसपास तिला मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. १८८३ साली ती एकटी अमेरिकेला निघाली, १८८६ साली पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन डॉक्टर झाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, क्षयाने पुण्यात वारली. या कथेवर कादंबरी झाली, नाटक झाले, २०१९ साली चित्रपटही आला. आनंदीबाई आणि गोपाळराव ही दोन नावे आपण एका श्वासात घेऊ लागलो.

३/
आता ज्याची उजळणी सहसा होत नाही ते. अमेरिकेत असताना आनंदीबाईंनी नवऱ्याला एक पत्र लिहिले. ते अनेक अभ्यासकांनी उद्धृत केले आहे, म्हणजे कुठल्या पेटाऱ्यात दडलेले नाही. त्यात त्या हिशेब मांडतात. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारणे, खुर्च्या व पुस्तके अंगावर फेकणे, बाराव्या वर्षी सोडून जाण्याची धमकी, चौदाव्या वर्षी आणखी काही विचित्र शिक्षा. आणि पुढे म्हणतात की त्या त्या वयाच्या शरीराला आणि मनाला हे सारे फार जड होते.

पुन्हा वाचा. वय आणि शिक्षा, वय आणि शिक्षा. विक्षिप्त पण प्रेमळ नवऱ्याच्या गमती सांगणारी बाई अशी लिहीत नाही. एक डॉक्टर आपल्याच बालपणाचा तपासणी अहवाल लिहिते आहे.

४/
त्याच पत्रात पुढे त्यांनी आणखी चार गोष्टी सांगितल्या आहेत. पहिली : तुम्ही सुचवत होता तशी मी तेव्हा निघून गेले असते तर काय झाले असते? सासूच्या आणि नवऱ्याच्या छळाने घर सोडलेल्या मुली काही कमी नाहीत. दुसरी : मी गेले नाही, कारण वडिलांच्या अब्रूला बट्टा लागेल ही भीती. तिसरी : नवरा-बायकोच्या मध्ये आपल्याकडे कायद्याची आडकाठी नाही, आणि असलीच तर ती बाईच्या विरुद्ध; म्हणून खुर्च्या सोसण्यावाचून मार्ग नव्हता. आणि चौथी : तुमच्यावाचून मी आज आहे ती झाले नसते, त्याबद्दल मी कायमची कृतज्ञ आहे, पण मी नेहमी शांत राहिले हे तुम्हाला नाकारता येणार नाही.

(शब्द माझे आहेत, आशय त्यांचा. मूळ पत्र मिळवून वाचा. मधला उपरोध माझ्या सारांशात उतरलेला नाही.)

५/
या चौथ्या मुद्द्यावरच आपली गाडी अडते. ‘बघा, ती स्वतःच कृतज्ञ होती!’ होतीच. पण कौटुंबिक हिंसेच्या प्रकरणांत समुपदेशन करणाऱ्या कुणालाही विचारा. मार खाणारी बाई बहुधा आधी नवऱ्याचे गुणच सांगते. तो मुलांना जीव लावतो, माझ्या आईच्या आजारपणात रात्रंदिवस उभा होता, रागाच्या भरात हात उचलतो एवढेच. हे खोटे नसते. कृतज्ञता आणि मार एकाच घरात, एकाच माणसाकडून, एकाच दिवशी मिळू शकतात. म्हणून तर बाहेर पडणे अवघड जाते. कृतज्ञतेने मार पुसला जात नाही, हे आनंदीबाईंना कळले होते; त्यांनी दोन्ही गोष्टी एकाच पत्रात लिहिल्या. आपण त्यातली एक ठेवली आणि दुसरीचा विनोद केला.

६/
‘पण त्या काठीनेच देशाला पहिली स्त्री-डॉक्टर दिली ना?’

काठीने नाही दिली. समाजाचा रोष पत्करून बायकोला एकटीला सातासमुद्रापार पाठवण्याचे धाडस गोपाळरावांनी केले, त्याचे श्रेय त्यांना जरूर द्या. ते श्रेय खुर्ची फेकण्याला देऊ नका. तोच काळ, तीच मुंबई-पुण्याची हवा, आणि डॉक्टर झालेली दुसरी मराठी बाई बघा : रखमाबाई. त्या नवऱ्याच्या हातचा मार खाऊन डॉक्टर झाल्या नाहीत. नवऱ्याच्या घरी जायला नकार देऊन झाल्या.

७/
रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले होते. त्या सासरी नांदायला गेल्याच नाहीत; आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढल्या, शिकल्या. १८८४ साली दादाजींनी ‘माझी बायको माझ्या ताब्यात द्या’ असा दावा मुंबई उच्च न्यायालयात लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. अपिलात निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. ‘केसरी’ने आणि ‘मराठा’ने त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि त्या लंडनला वैद्यकी शिकायला गेल्या. पुढे कितीतरी वर्षे त्यांनी सुरत आणि राजकोट येथे रुग्णालये सांभाळली.

८/
तारखा जुळवून पाहा. फेब्रुवारी १८८७च्या शेवटी पुण्यात आनंदीबाई गेल्या. त्यानंतर काही दिवसांतच मुंबईत रखमाबाईंना तुरुंगाचा हुकूम झाला. नवरा-बायकोच्या मध्ये कायदा असलाच तर तो बाईच्या विरुद्ध असतो, असे आनंदीबाईंनी लिहिले होते. त्याचा इतका ताजा दाखला पाहायला त्या उरल्या नाहीत.

९/
येथे ठरलेला आक्षेप येतो, आणि तोच या धाग्याचा खरा शत्रू आहे : ‘आजच्या मापाने तेव्हाच्या माणसांना मोजू नका, काळच तसा होता.’

इतिहासाच्या अभ्यासात हा नियम उपयोगी आहे, मीही तो पाळतो. पण काळ म्हणजे कोण? १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापून पुरुषांना जाब विचारतात, त्या काळाबाहेरच्या का? सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येसाठी शिक्षा झाली आणि वृत्तपत्रे समस्त बाईजातीला झोडपू लागली, तेव्हा चिडून त्यांनी ते पुस्तक लिहिले. त्यांच्यावर टीका झाली तेव्हा ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेणारे जोतीराव फुले कोणत्या काळातले? ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने १८८५ साली बालविवाहावर पत्रे लिहिणाऱ्या रखमाबाई कोणत्या? आणि खुद्द आनंदीबाई? लाकडाचा तुकडा ज्यांच्या अंगावर बसला त्यांनीच ते जड होते असे लिहून ठेवले. सोसणाऱ्याची साक्ष त्या काळातली नाही आणि मारणाऱ्याची सवय तेवढी त्या काळातली, हा कुठला इतिहास?

१०/
‘काळच तसा होता’ म्हणताना आपण त्या काळातल्या एका पक्षाला साऱ्या काळाची सही देऊन टाकतो. आणि जो इतिहासात हे करतो, तो शेजारच्या सदनिकेतून आवाज आला की ‘त्यांच्याकडे असेच असते’ म्हणून दूरदर्शनचा आवाज वाढवतो. माझा आरोप एवढाच आहे, आणि तो आधी माझ्यावर आहे. शिकत असताना आमच्या भाड्याच्या खोलीच्या वरच्या मजल्यावर एक जोडपे राहत असे. ती बाई जिन्यात भेटली की हाताला पट्टी. विचारले की ‘पडले’. आम्ही चौघे इतिहासाचे विद्यार्थी; साधनचिकित्सेवर रात्र रात्र वाद घालणारे. एकाच साक्षीदाराने एकच खुलासा चौथ्यांदा दिला तर संशय घ्यावा, हे आम्हाला पुराभिलेखागारात कळत होते, जिन्यात कळले नाही. एक दिवस ते बिऱ्हाड उठून गेले. पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही.

११/
तेव्हा ओळखायचे कसे ते आनंदीबाईंच्या पत्रावरूनच शिकू. २००५चा ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम’ (अंमल २६ ऑक्टोबर २००६पासून) हिंसेचे चार प्रकार सांगतो : शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक. खुर्ची अंगावर फेकणे पहिल्यात. सोडून जाण्याच्या धमकीने बारा वर्षांच्या मुलीला धाकात ठेवणे तिसऱ्यात. नवव्या वर्षी लग्न आणि चौदाव्याच्या आसपास बाळंतपण याविषयी तेव्हाच्या कायद्याला काहीच म्हणायचे नव्हते. संमतीचे वय दहा होते, ते १८९१ साली बारा झाले, तेही केवढ्या गदारोळानंतर! आजही प्रौढ पत्नीवर नवऱ्याने केलेली बळजबरी हा फौजदारी कायद्यात बलात्कार ठरत नाही. मात्र २००५च्या अधिनियमाखाली ती लैंगिक हिंसा ठरते आणि तिच्याविरुद्ध संरक्षण मागता येते. हा फरक लक्षात ठेवा, पुष्कळांना तो माहीत नसतो.

१२/
चौथा प्रकार, आर्थिक हिंसा, सर्वांत कमी ओळखला जातो, कारण त्याचा वळ उठत नाही. पगार झाला की तो काढून घेणे. बँकेचे कार्ड स्वतःकडे ठेवून दर भाजीला हिशेब मागणे. नोकरी सोडायला लावणे. स्त्रीधन ‘सुरक्षित ठेवतो’ म्हणून घेणे आणि पुन्हा न दाखवणे. घरखर्च बंद करून ‘आता माहेराहून आण’ म्हणणे. यातल्या एकाही गोष्टीत हात उचललेला नाही, तरी कायद्याच्या दृष्टीने ही हिंसाच आहे.

आणि एकेका घटनेपेक्षा ठेवण पाहा. बोलण्याआधी ती नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघते का? मैत्रिणी एकेक करून तुटल्या का? भ्रमणध्वनी रोज तपासला जातो का? मारानंतर भेटवस्तू, माफी, आठ गोड दिवस आणि पुन्हा तेच, असे चक्र फिरते का? रागाच्या भरात हात सुटतो म्हणणारा माणूस साहेबावर कधी हात उचलत नाही, एवढेही ताडून पाहायला हरकत नाही.

१३/
हा अधिनियम केवळ पत्नीसाठी नाही. आई, बहीण, विधवा भावजय, विवाहासारख्या संबंधात एकत्र राहणारी जोडीदार, या साऱ्यांना तो लागू आहे. मुलाच्या हातचा मार खाणारी म्हातारी आईही अर्ज करू शकते. घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून सुनेला रस्त्यावर काढता येते, हा समज २०२०च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खोडला. सासरच्या नातेवाइकांच्या मालकीचे घरही ‘सामायिक घर’ ठरू शकते.

१४/
‘आणि गैरवापर?’ हा प्रश्न अभिप्रायांत येणारच, म्हणून उत्तर आधीच देतो. खोट्या तक्रारी होतात. प्रत्येक कायद्याखाली होतात. नवऱ्याच्या क्रूरतेविषयीचे १९८३चे कलम ४९८अ (आता भारतीय न्याय संहितेतील कलम ८५) लावले की लगेच अटक, या प्रथेला सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच लगाम घातला. २००५चा अधिनियम तर मुळात दिवाणी स्वरूपाचा आहे : मारू नका, घराबाहेर काढू नका, पोटगी द्या, मुलांचा ताबा ठरवा. आदेश मोडला तरच शिक्षा. पुरुषांवरही घरात अत्याचार होतात आणि मारहाणीविरुद्धचे सर्वसाधारण कायदे त्यांनाही आहेत.

पण दुसरे पारडेही पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २५ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७७ टक्के स्त्रियांनी कुणाकडे मदत मागितली नाही, कुणाला सांगितलेही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! चारांतल्या तीन बाया गप्प असताना आपली सगळी चिंता खोटे बोलणाऱ्या बाईची.

१५/
आता मदतीकडे. तेथेही आपल्याच मातीतला एक दाखला आहे. १८६३ साली फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या गरोदर विधवांनी येथे येऊन सुखरूप बाळंत व्हावे हा हेतू. त्याविषयी आपण अभिमानाने लिहितो, पण एक तपशील सुटतो. जोतीरावांनी या गृहाच्या छापील जाहिराती ज्या वस्त्यांत अशा विधवा होत्या, त्या वस्त्यांच्या कोपऱ्यांवरील भिंतींवर चिकटवल्या होत्या. १८८४ साली लिहिलेल्या टिपणात ते सांगतात की तोवर पस्तीस गरोदर विधवा तेथे आल्या. त्यांना तो पत्ता संकट यायच्या आधी दिसलेला होता, म्हणून त्या आल्या. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन (१८८९) असो की कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम (१८९६), पत्ता ठाऊक असणे ही पहिली पायरी होती.

१६/
आजच्या भिंतीवर चिकटवायचे पत्ते असे. १८१ ही महिला मदतवाहिनी. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२. मूल संकटात असेल तर १०९८. जिल्ह्याचे ‘सखी’ वन स्टॉप सेंटर : तेथे वैद्यकीय मदत, समुपदेशन, पोलिसांची व वकिलाची गाठ आणि काही दिवसांचा निवारा एका छपराखाली मिळतो. संरक्षण अधिकारी : हा शब्द पाठ करा. तुमच्या भागाचे संरक्षण अधिकारी कोण हे जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात कळते. ते ‘घरगुती घटना अहवाल’ लिहून घेतात आणि दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायला मदत करतात. त्यासाठी आधी पोलिसांत गुन्हा नोंदवलेला असण्याची अट नाही. ती बाई माहेरी किंवा मैत्रिणीकडे तात्पुरती राहत असेल तर तिथल्या न्यायालयातही अर्ज चालतो.

वकिलाचा खर्च? विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचे उत्पन्न कितीही असो, क्रमांक १५१००.

१७/
पोलीस ठाण्याची भीती वाटते, हे खरे आहे. म्हणूनच १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलिसांच्याच आवारात बसते, आधी ऐकून घेते, मग पुढची पावले ठरवते. पुढे राज्य शासनाने ही व्यवस्था जिल्ह्याजिल्ह्यांत नेली. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू झाले, कारण मार खाल्लेली बाई पोलिसांकडे गेली नाही तरी जखम शिवायला दवाखान्यात येतेच. तेथील डॉक्टर-परिचारिकांना ‘पडले’ या शब्दामागचे ऐकायला शिकवले गेले. जिन्यात आम्हाला जे जमले नाही ते.

१८/
तुमच्या ओळखीत कुणी असेल तर एकांतात विचारा, त्याच्या देखत नव्हे. ‘तू सोडून का देत नाहीस?’ हा प्रश्न गिळून टाका. त्याचे उत्तर आनंदीबाईंनी देऊन ठेवले आहे. विश्वास ठेवा. नवऱ्याला जाब विचारायला परस्पर जाऊ नका. तुम्ही दार ओढून निघून येता, ती आत राहते. घर सोडण्याचा काळ बहुधा सर्वांत धोक्याचा असतो, म्हणून ते कधी आणि कसे हे तिला ठरवू द्या, जमल्यास समुपदेशकाच्या मदतीने. आधारपत्र, बँकेचे पुस्तक, मुलांचे दाखले, थोडे पैसे, औषधे अशी एक पिशवी तिला तुमच्याकडे ठेवता येईल. जखमांची छायाचित्रे तारखेसह, तीही तुमच्याकडे.

आणि ती काही करू शकत नसेल तर? अधिनियमाचे कलम ४ सांगते की हिंसा होत आहे किंवा होण्याची शक्यता आहे असे मानायला कारण असलेल्या कुणाही व्यक्तीला संरक्षण अधिकाऱ्याला कळवता येते, आणि सद्भावनेने कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही. ‘त्यांच्या घरच्या भानगडीत आपण कशाला’ या वाक्याला कायद्याने दिलेले हे उत्तर आहे. ते कलम लागू झाल्यानंतरच आम्ही त्या खोलीत राहत होतो.

१९/
येत्या ३१ मार्चला आनंदीबाईंवर जरूर लिहा. स्वयंपाकाचा विनोद टाळा, पत्राबद्दल लिहा, आणि खाली १८१ लिहा. वाचणाऱ्यांत कुणी अशी असेल जिचा भ्रमणध्वनी घरात तपासला जातो, तर तिच्यासाठी : फोन दुसऱ्याच्या यंत्रावरून करा, आणि क्रमांक जतन करायचाच असेल तर शिंप्याच्या किंवा शाळेतल्या बाईंच्या नावाने करा.